सिंगापूर–न्यूयॉर्क हवाई मार्ग

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांना जोडणारा विनाथांबा प्रवासी मार्ग. जगातील सर्वांत लांब नियमित विमानसेवांत त्याची गणना होते. सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा ९ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू केली.

अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधले किमान अंतर बृहद्वृत्तावरून (पृथ्वीच्या केंद्राभोवतीच्या सर्वांत मोठ्या वर्तुळावरून) मोजतात. त्यानुसार हे अंतर १५,३४९ किमी. भरते, म्हणजे पृथ्वीच्या अर्ध्या परिघाच्या सुमारे तीन-चतुर्थांश. तुलनेसाठी, मुंबई–न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किमी. आहे. सिंगापूर व न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक असल्याने ही किमान अंतराची रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते.

प्रत्यक्ष मार्ग : विमाने सहसा या रेषेवरून जात नाहीत. मध्य अक्षांशांत मोठ्या उंचीवर जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी न्यूयॉर्कला जाणारे विमान बहुधा पॅसिफिकवरून, तर परतणारे विमान पुष्कळदा अटलांटिक व यूरोपवरून नेतात. त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा विमान पूर्वेकडेच उडते. वाट हजारभर किमी.ने वाढली, तरी वेळ व इंधन वाचते. रोजचा मार्ग त्या दिवसाचे वारे पाहून ठरवतात.

प्रवासाचा काळ : प्रवासाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या मागे उन्हाळ्यात १२ आणि हिवाळ्यात १३ तास असते. म्हणून सिंगापूरहून मध्यरात्रीनंतर निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या पहाटे किंवा सकाळी न्यूयॉर्कला उतरतो. उलट, न्यूयॉर्कहून १ तारखेला रात्री १० वाजता निघणारा प्रवासी सिंगापूरला ३ तारखेच्या पहाटे पोहोचतो. एवढ्या दीर्घ उड्डाणासाठी चार वैमानिक असतात व ते आळीपाळीने विश्रांती घेतात.

विमाने : न्यूयॉर्क परिसरातील न्यूअर्क विमानतळासाठी अशी सेवा २००४ मध्येच एअरबस ए३४०-५०० या चार इंजिनांच्या विमानाने सुरू झाली होती. इंधनखर्च न परवडल्याने ती २०१३ मध्ये बंद पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर (अतिदीर्घ पल्ल्याच्या) विमानाने ती पुन्हा सुरू झाली. या विमानात सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावते. भार मर्यादित ठेवण्यासाठी त्यात केवळ १६१ आसने बसवली असून त्यांपैकी ६७ बिझनेस व ९४ प्रीमियम इकॉनॉमी वर्गातील आहेत. साध्या इकॉनॉमी वर्गाची आसने या विमानात नाहीत.