ग्र्यूनटाल (तांबेकाम संग्रहालय)

ग्र्यूनटाल : जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील ओल्बर्नहाऊ नगराचा एक भाग. चांदीयुक्त तांबे शुद्ध करणारा सोळाव्या शतकातील कारखाना आणि पाण्याच्या बळावर अजूनही चालवून दाखवले जाणारे तांबटी घण यांसाठी प्रसिद्ध. चेक प्रजासत्ताकाच्या सीमेलगत, एर्ट्‌सगेबिर्ग या डोंगररांगेतील फ्लोहा नदीच्या खोऱ्यात तो वसला आहे. या डोंगरांत चांदी, कथील, तांबे यांच्या खाणी होत्या. परंतु हा कारखाना खाणीच्या तोंडाशी उभा राहिला नाही. भट्ट्यांसाठी लोणारी कोळसा आणि भाते-घण चालवण्यासाठी वाहते पाणी ही त्याची मुख्य गरज होती, आणि जंगल व नदी या दोन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या.

इतिहास : आनाबेर्ग येथील हान्स लेओनहार्ट याने १५३७ मध्ये हा कारखाना स्थापन केला. पुढे तो ऊटमान कुटुंबाकडे आला. पती ख्रिस्तोफ १५५३ मध्ये वारल्यावर बार्बारा ऊटमान हिने कारभार हाती घेतला. लेस विणण्याच्या धंद्यासाठीही तिचे नाव या प्रदेशात आदराने घेतले जाते. १५६७ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर (निर्वाचक शासक) ऑगस्ट याने कारखाना विकत घेतला आणि तो राज्याच्या मालकीचा झाला. चांदी निघेल असे तांबे खाजगी हातांत राहू न देण्यात राज्याचा उघड फायदा होता. एकोणिसाव्या शतकात चांदी वेगळी करण्याची जुनी पद्धत मागे पडली आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाना पुन्हा खाजगी मालकीत गेला.

धातुशुद्धी : ग्र्यूनटालचा मूळ धंदा भांड्यांचा नव्हे, चांदीचा होता. खाणींकडून येणाऱ्या अशुद्ध ‘काळ्या’ तांब्यात थोडी चांदी मिसळलेली असे. हे तांबे शिशाबरोबर वितळवून त्याच्या जाड वड्या ओतत. मग त्या वड्या उतरत्या चुलाणावर मांडून बेताने तापवत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला मात्र १,०८५ अंश लागतात. शिवाय चांदी तांब्यापेक्षा शिशाची सोबत पसंत करते. त्यामुळे शिसे चांदीला बरोबर घेऊन ठिबकत खाली उतरे आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा वर राही. दुसऱ्या भट्टीत हवेचा झोत सोडून शिशाचे मुरदाडशिंग केले की चांदीचा गोळा हाती येई. उष्णता कमी पडली तर शिसे सुटत नसे आणि जास्त झाली तर तांबेही वाहू लागे, म्हणून चुलाणावरच्या कामगाराची नजर हीच खरी मोजपट्टी होती. गेओर्ग अ‍ॅग्रिकोला याने १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या धातुविद्येवरील ग्रंथात ही पद्धत तपशीलवार दिली आहे.

उरलेले तांबे पुन्हा शुद्ध करून घणाखाली जाई. त्यातून पत्रे, कढया, काहिली होत. छपरांवर घालायचा ग्र्यूनटालचा पत्रा जर्मनीबाहेरही नावाजलेला होता.

आल्टहामर : आवारातील हे सर्वांत जुने घणघर आज संग्रहालय आहे. पाटाची झडप उघडली की बाहेरचे लाकडी चाक फिरू लागते आणि त्याबरोबर आत आडवी असलेली जाडजूड लाट फिरते. लाटेवर बसवलेले दाते घणाच्या दांड्याच्या शेपटाला खाली दाबतात; त्यामुळे दुसऱ्या टोकाचा लोखंडी घण वर उचलला जातो आणि दाता सुटताच ऐरणीवर आदळतो. पाणी वाढवले की ठोके भराभर पडतात, इतके की शेजारच्या माणसाशी खुणेनेच बोलावे लागते. घण एकाच जागी पडत राहतो, म्हणून कारागिराचे सगळे कसब तांबे फिरवण्यात असते. चिमट्यात धरलेली चकती तो प्रत्येक ठोक्याला थोडी सरकवतो; एक ठोका जागचा चुकला तर पत्रा तिथेच पातळ पडतो. पसरट तोंडाचे घण पत्रा रुंद करतात, लांबट निमुळते घण भांड्याला खोली देतात. ठोकून तांबे कडक होते आणि तडकू लागते, तेव्हा ते लालसर तापवून मऊ करून घ्यावे लागते. पोलादाप्रमाणे ते पाण्यात विझवल्याने कडक होत नाही, म्हणून तापवलेला तुकडा लगेच पाण्यात घालून काम पुढे नेता येते.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हेच घडणीचे आणि मठारकामाचे काम हातातल्या हातोड्याने चालते. दोन्हीकडे धातूचा स्वभाव एकच असल्याने तापवणे, ठोकणे, पुन्हा तापवणे हा क्रमही एकच आहे.

वसाहत : कारखान्याभोवती तट आणि वेशी होत्या, त्यांतील काही भाग अजून उभा आहे. आत कारभाऱ्याचे घर, कामगारांची घरे, शाळा, खानावळ आणि भट्ट्यांच्या इमारती अशी स्वयंपूर्ण वस्ती होती. जुन्या लांब भट्टीघराचा पाया आता उघडा करून ठेवला आहे. युरोपात तांबे शुद्ध करणारे असे कारखाने अनेक होते, परंतु घरे, भट्ट्या आणि घणघर यांसह ओळखू येईल अशा रूपात टिकलेले स्थळ म्हणून ग्र्यूनटालचे मोल मोठे आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या एर्ट्‌सगेबिर्ग–क्रुश्नोहोर्झी खाणप्रदेशाच्या २२ घटकांत त्याचा समावेश आहे. त्यांपैकी १७ जर्मनीत व ५ चेक प्रजासत्ताकात आहेत.

भेट : केम्निट्‌सकडून फ्लोहा खोऱ्यातून येणारा लोहमार्ग ओल्बर्नहाऊ-ग्र्यूनटाल स्थानकात संपतो. प्रवासी सहसा थेट घणाचा आवाज ऐकायला जातात. पण आधी भट्टीघराचा पाया, मग कारभाऱ्याचे घर आणि शेवटी आल्टहामर असा क्रम ठेवल्यास धातूची वाट नीट उमगते. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले झायफेन गाव येथून जवळ आहे.