लाल भिंतीचा शेजार

वास्तववादाची चर्चा करताना आपण बहुधा तपशिलांच्या विपुलतेकडे पाहतो. वस्तू किती बारकाईने रेखाटली आहे, यावर चित्राची वा कादंबरीची सत्यता तोलली जाते. संगणकीय चित्रणाच्या इतिहासातील एक जवळजवळ रिकामी पेटी ह्या समजुतीला छेद देते.

यूटा विद्यापीठातील बुई तुओंग फाँग यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सूत्रात दिव्यावरून थेट येणारा प्रकाश आणि पृष्ठभागावरची झळाळी यांचा विचार होता. भिंतींवरून, छतावरून परतणाऱ्या प्रकाशासाठी मात्र एक ठरावीक आकडा सर्वत्र सारखाच मिळवला जाई. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये किरणांचा माग काढून आरसे व काच साधली, तरी तो आकडा राहिलाच. परिणामी त्या चित्रांतील वस्तू चकचकीत, पण एकाकी दिसत. शेजारणीचा रंग त्यांना लागत नसे. चित्रकारांना ही लागण फार पूर्वीपासून ठाऊक होती. लिओनार्दोच्या टिपणांतही तिची नोंद आहे.

१९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बॅटेल यांनी उष्णतेच्या देवघेवीचे, अभियंत्यांच्या परिचयाचे गणित प्रकाशाला लावले. प्रत्येक पृष्ठभाग दुसऱ्यासाठी दिवाच ठरला. त्यांची पेटी पुढे ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून रूढ झाली: डावी भिंत लाल, उजवी हिरवी, बाकीच्या पांढऱ्या, छतात एक दिवा. लाल भिंतीलगतच्या पांढऱ्या जमिनीवर तांबूस छटा उमटली, आणि चित्र खरे वाटू लागले. हा केवळ अभिप्राय नव्हता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खरी पेटी आणि तिचे संगणकीय चित्र कॅमेऱ्याच्या काचेतून शेजारी शेजारी दाखवले गेले. पाहणाऱ्यांना भेद करता आला नाही.

पण दिव्याला रंग कसा द्यायचा? लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लिहून देणे सोयीचे, पण त्यात फसगत आहे. निव्वळ लाल दिवा निव्वळ हिरव्या वस्तूवर पाडला की गुणाकार शून्य येतो आणि वस्तू काळीठिक्कर होते. प्रत्यक्षातील वस्तू बहुधा सर्वच लहरी थोड्याफार परतवतात. उलट, कमी दाबाच्या सोडियम-दिव्याचा पिवळा उजेड आणि गाळणीतून आलेला पिवळा उजेड डोळ्यांना सारखे भासू शकतात; पहिल्यात मात्र जवळजवळ एकच लहर असल्याने निळे-तांबडे कापड सारखेच मलूल दिसते. म्हणून कॉर्नेलच्या संशोधकांनी रंगाच्या नावावर भिस्त ठेवली नाही. भिंतींची परावर्तकता त्यांनी ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर ४ नॅनोमीटरला मोजून प्रसिद्ध केली. दिव्याची तीव्रता ४०० नॅनोमीटरला ०, ५०० ला ८, ६०० ला १५.६ आणि ७०० ला १८.४ अशी दिली. म्हणजे छतातला तो दिवा पांढरा नव्हताच. तो पिवळसर होता आणि त्याच्याखाली ‘पांढऱ्या’ भिंतीही पिवळसर दिसतात.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे असे वाटते. ‘लाल’ हे विशेषण आपण वस्तूच्या पदरात टाकून मोकळे होतो. पात्रांना ‘उदार’, ‘क्रूर’ म्हणतानाही तेच करतो. चांगल्या कादंबरीत एका पात्राचे असणे दुसऱ्याच्या अंगावर किती उमटले आहे, हे मात्र आपल्या समीक्षेत क्वचितच मोजले जाते.