परिसरशक्तीचा सरवा : स्फटिक-रेडिओपासून बिनबॅटरीच्या उपकरणांपर्यंत

आसमंतात विखुरलेला प्रकाश, उष्णता, कंपने व रेडिओलहरी यांपासून अल्पशी वीज मिळवून तिच्यावर लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे चालविण्याच्या विद्येला इंग्रजीत पिकाच्या कापणीवरून नाव पडले आहे. मराठीत तिच्यासाठी अधिक नेमका शब्द उपलब्ध आहे. तो म्हणजे 'सरवा'. कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसे वेचतात, तो सरवा होय. कापणी करणारा आपण पेरलेले घेतो. सरवा वेचणारा दुसऱ्याच्या उद्योगातून उरलेले घेतो. हा भेद लक्षात घेतला असता या विद्येच्या इतिहासाची संगती नीट लागते.

तिची मूलतत्त्वे जुनी आहेत. तापमानातील फरकापासून विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे सीबेकच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आले. दाबामुळे स्फटिकांवर विद्युत्भार उत्पन्न होतो हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. काही धातूंच्या सल्फाइडांतून प्रवाह एका दिशेने अधिक सुलभतेने वाहतो, हे ब्राउन याने १८७४ मध्येच नोंदविले होते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग लहरी ओळखण्याकडे केला. त्यासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले.

याच तत्त्वावर पुढे स्फटिक-रेडिओ प्रचारात आला. लांब तार, तारेचे वेटोळे, गॅलिनाचा खडा व कानाला लावावयाचा श्रवणयंत्राचा जोड, एवढेच त्याचे साहित्य. त्यास बॅटरी नव्हती. ऐकू येणारा ध्वनी प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या लहरींच्याच शक्तीवर उमटे. मात्र केंद्र दूर असले की आवाज क्षीण होई आणि खोलीभर ऐकविणे तर अशक्यच. निर्वात नळीच्या वर्धकाने ही अडचण दूर केली. परंतु त्याबरोबर बॅटरी किंवा घरातील वीज अपरिहार्य झाली. अधिक बळ हवे झाले तेव्हा सरवा मागे पडला.

तो परत आला तो विखुरलेल्या शक्तीत वाढ झाली म्हणून नव्हे. प्रखर उन्हात दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० मिलिवॅट शक्ती पडते. खोलीतील दिव्यांच्या उजेडात ती एक मिलिवॅटहूनही पुष्कळ कमी असते. या प्रमाणात कालांतराने फरक पडलेला नाही. बदलली ती उपकरणांची भूक. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर अवतरला. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट प्रसिद्ध केला. आणि १९६३ मध्ये मांडण्यात आलेल्या सीमॉस रचनेमुळे परिपथाचा वीजखर्च मुख्यत्वे स्थिती पालटण्याच्या क्षणापुरता उरला. त्यानंतरच दिव्याच्या उजेडावर चालणारे गणकयंत्र आणि मनगटाच्या हालचालीवर वीज निर्माण करणारे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात येऊ शकले. सैको कंपनीचे असे घड्याळ १९८८ मध्ये विक्रीस आले. पुढे बोटाच्या दाबातूनच संदेश पाठविण्यापुरती वीज मिळविणारी, तार व बॅटरी नसलेली दिव्याची बटणेही निघाली.

२०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दूरचित्रवाणीच्या हवेतील लहरींपासूनच वीज मिळविणारी आणि त्याच लहरी परावर्तित करून परस्परांशी संदेश साधणारी बिनबॅटरीची साधने दाखविली. स्फटिक-रेडिओशी असलेले त्यांचे नाते उघड आहे. तो केवळ ऐकत असे. ही बोलूही लागली, इतकाच फरक.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. हवेतील विजेवर उद्या मोठी यंत्रे चालतील, ही लोकप्रिय कल्पना इतिहासाला धरून नाही. या विद्येची प्रगती मिळकतीपेक्षा काटकसरीवर झालेली आहे. थोडे थोडे साठवावे, क्षणभर काम करावे व पुन्हा स्वस्थ पडून राहावे, हीच आजच्या अशा अनेक साधनांची रीत आहे. दुसरे असे की, लहरींचा सरवा वेचणारे साधन स्वावलंबी दिसले तरी ते परावलंबीच असते. प्रक्षेपण केंद्र मूक झाले, तर त्याच्या लहरींवर विसंबलेले साधनही मूक होते.