महाड : एक जुने बंदर आणि दोन ठराव

गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य सामान्यतः शिलालेख, बखरी, सनदा आणि देवळांच्या दंतकथा यांकडे वळतो. नगरपालिकेचे ठरावबुक त्याच्या मनात येत नाही. आले तरी गटारे, दिवाबत्ती आणि घरपट्टी यांच्या नोंदींत इतिहास तो काय असणार, असे म्हणून तो ते बाजूस सारतो. परंतु कोकणातील महाड या गावी असे दोन ठराव झाले की ज्यांच्या अभावी त्या गावाचा गेल्या शतकाचा इतिहास सांगताच येणार नाही. आज तेथे हजारो लोक लांबून येतात, तेही या ठरावांशी जडलेल्या एका तळ्याच्या ओढीने. महाडची जाहिरात करू पाहणाऱ्यांनी, आणि विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाणाऱ्या आम्हां शिक्षकांनी, या गोष्टीचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

महाड हे बंदर होते, हे आज नव्या माणसास सांगावे लागते. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री महाडावरून वाहत जाऊन बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून आत चढत आणि वरंध घाटाने उतरलेला देशावरचा माल महाडच्या पेठेत येऊन मग जलमार्गाने मुंबईकडे जाई. घाट आणि खाडी यांच्या या सांध्यावर वसल्यामुळेच गावास महत्त्व आले. शिवछत्रपतींची राजधानी रायगड येथून जवळ. १७९६ साली पुण्याच्या राजकारणात नाना फडणीसांवर संकट आले, तेव्हा त्यांनी आश्रय घेतला तो महाडासच. आणि निजामाशी त्यांनी केलेला करारही महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. आमच्यासारख्या, पूर्वी निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या मुलखातील वाचकांस हा दूरचा संबंध मौजेचा वाटेल.

बंदराच्या गावाचा एक स्वभाव असतो. तेथे नाना जातींची, धर्मांची, मुलखांची माणसे येतात. त्यांच्याशी व्यवहार केल्यावाचून पेठेचे चालत नाही. महाडही त्यास अपवाद नव्हते. परंतु माल घेण्यात जी सैल वृत्ती दिसते ती पाणी देण्यात दिसेलच असे नाही. गावाच्या मध्यभागी चवदार तळे आहे. भोवताली रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. त्या तळ्याचे पाणी हिंदूंप्रमाणे मुसलमानही भरीत, गुरेढोरेही पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांनी मात्र त्यास हात लावावयाचा नाही, असा रिवाज होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांस करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले. हा पहिला ठराव. कागदावर तो उत्तम होता. पण तीन वर्षे लोटली तरी त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य घागर घेऊन गेला नाही. कारण ठराव करणारी सभा आणि तळ्याकाठची वस्ती यांच्यामध्ये अंतर पुष्कळ होते, आणि ते ओलांडण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली गेली ते सर्वांत दुर्बल होते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. परिषदेस जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात केली आहे. ज्या गावचे तळे तीन वर्षांपूर्वी सर्वांना खुले झाले होते, त्या गावी ही स्थिती. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी शांतपणे, मिरवणुकीने तळ्यावर गेले; डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले आणि मागोमाग इतरांनी घेतले. एवढेच घडले. पुढे वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार अशी कंडी पिकली, मंडपात आणि रस्त्यांवर लोकांना मारहाण झाली, कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर एकशेआठ घागरी पंचगव्यमिश्रित पाणी ओतून तळे शुद्ध करण्यात आले.

या प्रसंगी गाव एकमुखी नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूचे होते. अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्ते डॉ. आंबेडकरांच्या खांद्यास खांदा लावून उभे होते. संघटनेचा भार रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनी उचलला होता. डिसेंबरच्या परिषदेस जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. तरीही ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. हा दुसरा ठराव. बोले यांच्या ठरावास त्याच दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग म्हणावा. पण स्थानिक स्वराज्य संस्थेचे पाऊल बहुमताच्या दडपणाखाली किती सहज मागे पडते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा महाडच्या बंदरपणाचा अनपेक्षित उपयोग झाला. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी खुष्कीच्या मार्गाने न येता 'पद्मावती' या बोटीने मुंबईहून निघाले आणि खाडीतील दासगाव बंदरात उतरून तेथून पाच मैल चालत महाडास पोचले. ज्या जलमार्गाने शतकानुशतके माल आला, त्याच मार्गाने माणूसपणाची मागणी आली. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु त्याआधीच, १२ डिसेंबर रोजी दिवाणी दावा लावून, काही सवर्ण गृहस्थांनी पुढे तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास न शिवण्याचा रिवाज अनादी आहे, असे वादींचे म्हणणे. जमलेले हजारो लोक सत्याग्रहास सिद्ध असताना डॉ. आंबेडकरांनी न्यायालयाचा मान राखण्याचा सल्ला दिला आणि सत्याग्रह तहकूब केला. परिषद आटोपल्यावर ते जवळची बौद्ध लेणी व रायगड पाहून आले. आज प्रवाशांसाठी आखलेल्या मार्गावर हीच स्थळे असतात.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी, ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि वादींना अनादी रिवाज सिद्ध करता आला नाही, हा निकालाचा गाभा. ओंजळीने पाणी घेतल्याच्या दिवसापासून दहा वर्षे पुरी व्हावयास तीन दिवस उरले होते.

आता प्रवासी येतात त्याविषयी. बंदर म्हणून महाडचे दिवस केव्हाच सरले. माल रस्त्याने जाऊ लागला आणि गलबतांची वर्दळ संपली. जुलै २०२१ च्या महापुराने गावाची दैना उडविली. अशा गावास प्रवाशांचा आधार वाटावा हे साहजिक आहे. रायगडाचा समावेश २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत झाला. २० मार्चला चवदार तळ्यावर अफाट जनसमुदाय लोटतो. २०२७ हे सत्याग्रहाचे शताब्दीवर्ष. अशा वेळी रस्ते, निवास, पिण्याचे पाणी, स्वच्छता यांची सोय करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य होय. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. प्रवाशाला गावाने काय सांगावे?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या भागामुळे. कोहिनूरपासून बसवकल्याण दूर नाही. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात सर्व जातींचे शरण एकत्र बसत. हरळय्या चर्मकार आणि मधुवरस ब्राह्मण यांनी आपल्या मुलांचा विवाह जुळविला, म्हणून बिज्जलाने त्यांना देहान्ताची शिक्षा दिली, अशी परंपरा सांगते. शरणांना ते नगर सोडावे लागले. आज त्याच नगरात नव्या अनुभवमंटपाची उभारणी होत आहे. २०२१ साली तिची पायाभरणी झाली. म्हणजे ज्या कृत्यासाठी नगराने माणसे घालवून दिली, त्या कृत्यासाठीच नगराचे नाव राहिले. महाडचेही तसेच झाले. परंतु कल्याणची हकिकत परंपरेच्या धुक्यात आहे; महाडची मात्र तारीखवार, न्यायालयाच्या निकालासह उपलब्ध आहे. म्हणून महाडवरील जबाबदारी अधिक.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तेथे नेली होती. सातवीतल्या एका मुलीने तळ्याच्या पायरीवर उभी राहून विचारले, "गुरुजी, ठराव झाला होता, मग भांडण कशाचं?" मला क्षणभर उत्तर सुचले नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडील एका विहिरीवर एका वर्गमित्राच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाताना मी पाहिले होते आणि मी काही बोललो नव्हतो. ती गोष्ट मला तेथे आठवली. देशाच्या राज्यघटनेने तोवर अस्पृश्यता नष्ट केलेली होती. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तेच दिले : कागद वर गेला होता, माणसे खाली राहिली होती.

माझी सूचना साधी आहे. चवदार तळ्याच्या काठी १९२४ चा ठराव आणि १९२७ चा रद्दठराव हे दोन्ही, शेजारी शेजारी, ठळक अक्षरांत लावावेत. आणि त्यांखाली १९३७ च्या निकालाचा सारांश द्यावा. पुतळ्यास हार घालून परतणाऱ्या प्रवाशाला गौरव कळतो. दोन ठराव वाचणाऱ्याला तो गौरव कशाशी झगडून मिळाला हे कळेल. गावाची यात नाचक्की होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आपली चूक तारखेनिशी भिंतीवर लावणारे गाव अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही. महाडने तसे केले, तर केवळ ते पाहण्यासाठी मी पुन्हा मुलांना घेऊन जाईन.