पांचाच्या पुढें सात

सप्ताहाच्या भजनाला पेटी नाहीं असें गांव आमच्या मुळशी खोऱ्यांत विरळाच. ह्या पेटीचे सूर पाश्चात्यांच्या १२ समान अंतरांवर बसविलेले असतात. सप्तकाचे १२०० समभाग कल्पिले, तर तिचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर येतो; तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३८६ वर असतो. हा १४ भागांचा फरक तयार कानास खुपतो.

सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं अब्दुल करीमखां ह्यांच्या साह्यानें तारा मोजून २२ श्रुतींचीं गुणोत्तरें ठरविलीं व १९१० सालीं तीं इंग्रजी पुस्तकांत प्रसिद्ध केलीं. न्यायाधीश क्लेमेंट्स ह्यांचा ग्रंथ १९१३ चा. पुढें श्रुतींची पेटीच तयार झाली! १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें आली, परंतु भातखंडे प्रभृतींचें समाधान झालें नाहीं.

आमच्या मतें खरा प्रश्न पेटीचा नाहीं, संख्यांचा आहे. श्रुतींचें प्रचलित कोष्टक २, ३ व ५ ह्या अविभाज्य संख्यांतूनच सिद्ध होतें. मग ७ नें काय पाप केलें? जवारी नीट लागलेल्या षड्जाच्या तारेंत सातवा अंशस्वरहि असतोच. एकाच सप्तकांत आणला असतां तो ९६९ व्या भागावर येतो. कोष्टकांतील दोन्ही कोमल निषाद मात्र ९९६ व १०१८ वर आहेत. म्हणजे तंबोरा जो निषाद देतो, त्यास कोष्टकांत घरच नाहीं. युरोपांत हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञानें सप्तकाचे ३१ समभाग करण्याची पद्धति १६९१ सालीं मांडली. तींत हा सातवा अंश जवळजवळ बिनचूक सांपडतो. नुसत्या गणितानें पाहिल्यास ७ ला दार उघडें आहे.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. ७ आला कीं मागोमाग ११ व १३ येणार, आणि गुणोत्तरांची गर्दी इतकी वाढणार कीं गवयानें कोठेंहि सूर लाविला तरी त्याच्या शेजारीं एखादें गुणोत्तर हजर! २१:२० ह्या प्रमाणाचा अतिकोमल ऋषभ ८४ वर पडतो, तर ३ च्याच घातांतून निघणारा २५६:२४३ हा ९० वर. ह्या ६ भागांत आंदोलित ऋषभ कितीदां तरी खालींवर होतो. मग गायकानें ७ गाइला कीं ३, हें कोणत्या तोंडानें सांगावें? १९६३ सालीं जयराजभॉय व स्टोन ह्यांनीं यंत्रांनीं गायनवादनाचीं मोजमापें घेतलीं, तेव्हां कलावंतागणिक तर सोडाच, एकाच कलावंताच्या एकाच रागांतहि तोच स्वर कमीअधिक आढळला.

म्हणून देवलांचे श्रम व्यर्थ होते असें आम्ही म्हणणार नाहीं. गवयाचा स्वर तारेवर मोजून पाहावा, हें धाडस त्यांनीं केलें. चूक असेल तर ती मोजलेला अंक हाच गवयास नियम मानण्याची. सातवा अंश तंबोऱ्याच्या नादास भरीवपणा देतो. पण त्या जागीं आपला निषाद ठेवावयाचा कीं नाहीं, हें राग व गवई ठरवितात.