परदेशातील आयेची नोकरी : खरे पत्र कोणते, खोटे कोणते?

‘लंडनमधील डॉक्टर दांपत्यास आपल्या दोन लहान मुलांच्या संगोपनासाठी प्रेमळ व विश्वासू स्त्री हवी आहे. राहण्यास स्वतंत्र खोली, भोजन व विमानाचे तिकीट मोफत. वेतन दरमहा दोन हजार पौंड. अनुभवाची अट नाही.’ अशा आशयाचे पत्र कधी ई-मेलने, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. सोबत हसऱ्या मुलांचे छायाचित्र असते, सुबक अक्षरांत छापलेला करारनामा असतो आणि शेवटी एक विनंती असते : व्हिसाचे काम पाहणाऱ्या वकिलाशी त्वरित संपर्क साधावा. बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणीला हे पत्र येते, तसेच शहरात वर्षानुवर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या बाईलाही येते. पत्र इंग्रजीत असल्याने ती ते ज्या घरी काम करते तेथे घेऊन येते आणि विचारते, ‘ताई, हे खरे आहे का, जरा बघता?’ या प्रश्नाचे उत्तर देता यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनाच व्यवसाय, जुनीच फसवणूक

‘आया’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. ब्रिटिश अमलात साहेबांच्या मुलांना सांभाळत अनेक भारतीय आया बोटीने विलायतेस जात. परतीच्या प्रवासाचे आश्वासन दिलेले असूनही तेथे पोहोचल्यावर काहींना वाऱ्यावर सोडून दिले जाई. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचे आश्रयस्थान चालत असे. १९०० साली ते हॅकनी भागात हलविण्यात आले आणि २०२२ मध्ये तेथील वास्तूवर स्मृतिफलक लावण्यात आला. शब्दावर विसंबून परक्या घराच्या भरवशावर समुद्र ओलांडण्यातला धोका त्या काळीही होता. आज त्यात भर पडली आहे ती एवढीच, की ज्या घराचा भरवसा धरायचा ते घर मुळात अस्तित्वातच नसण्याची शक्यता आहे.

भामट्यांनी नेमकी हीच नोकरी निवडावी याला कारणे आहेत. येथे मालक म्हणजे कंपनी नसून कुटुंब असते. त्यामुळे नोंदणी, कार्यालय, फलक यांची चौकशी कोणी करीत नाही. राहणे व जेवण घरातच असल्याने परदेशातील खर्चाची चिंता मिटल्यासारखी वाटते. शिवाय मुलांचे छायाचित्र पाहिल्यावर व्यवहाराला मायेचा रंग चढतो आणि संशय घेणे अप्रशस्त वाटू लागते.

खोट्या पत्राची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे घाई आणि निष्काळजीपणा यांचा विचित्र संयोग. आपले तान्हे मूल जिच्या हाती सोपवायचे, तिच्याशी दूरध्वनीवरही न बोलता कोणते आईबाप नेमणूक करतील? खरे कुटुंब व्हिडिओवर समोरासमोर बोलते, पूर्वीच्या मालकांचे दूरध्वनी क्रमांक मागते आणि मुलांच्या सवयी, पथ्ये, झोपेच्या वेळा सांगते. खोटे कुटुंब यातले काही विचारीत नाही. मात्र पारपत्राची प्रत पहिल्याच दिवशी मागते.

दुसरे लक्षण वेतनाचे. युरोपात कुटुंबासोबत राहून मुले सांभाळणाऱ्या तरुण-तरुणींना ‘ओ पेअर’ म्हणतात. ही व्यवस्था सांस्कृतिक देवाणघेवाणीची मानली जाते आणि मिळतो तो पगार नव्हे, हातखर्च. जर्मनीत तो दरमहा २८० युरो असा ठरलेला असून काम आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त देता येत नाही. अशा ठिकाणी कोणी अडीच हजार युरोंचे आमिष दाखवीत असेल, तर त्याला त्या देशाचा नियम ठाऊक नाही किंवा तो आपल्याला ठाऊक नसावा अशी त्याची अपेक्षा आहे.

तिसरे लक्षण पत्त्याचे. वकील, उच्चायुक्तालयातील अधिकारी, विमानतळावरील अधिकारी असे सारेजण फुकट मिळणाऱ्या ई-मेल खात्यांवरून लिहितात. ब्रिटिश सरकारचे अधिकृत पत्ते ‘जीओव्ही डॉट यूके’ने, तर अमेरिकी सरकारचे ‘डॉट जीओव्ही’ने संपतात. मधेच कोठेतरी हे शब्द घुसडलेले असणे पुरेसे नाही. पत्त्याचा शेवट पाहावा लागतो.

चौथे आणि सर्वांत निर्णायक लक्षण पैशाचे. प्रथम व्हिसाचे शुल्क म्हणून लहानशी रक्कम मागितली जाते. ती भरली की विम्याचे पैसे, मग करारनाम्यावरील मुद्रांक, मग ‘विमानतळावर दाखविण्यासाठी प्रवासभत्ता’. पोहोचल्यावर सारी रक्कम परत मिळेल, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचा हप्ता भरतो, आणि या साऱ्या युक्तीचे मर्म तेच आहे. वास्तविक व्हिसाचे शुल्क अर्जदार स्वतः सरकारी संकेतस्थळावर किंवा अधिकृत अर्ज केंद्रात भरतो. ते खासगी व्यक्तीच्या खात्यावर किंवा मनीऑर्डर कंपनीमार्फत कधीच भरावे लागत नाही.

याच फसवणुकीचे उलटे रूप अमेरिकेत आढळते आणि तेथे शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते जाणून घ्यावे. मुले सांभाळण्याच्या कामाचा आगाऊ पगार म्हणून ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश येतो. ‘उरलेले पैसे खेळणी पुरविणाऱ्या दुकानदाराला पाठवा,’ अशी सूचना असते. बँक धनादेश पूर्ण वटण्यापूर्वीच रक्कम खात्यात दाखविते. काही दिवसांनी तो बनावट ठरून परत येतो आणि पाठविलेले पैसे खातेदाराच्या माथी बसतात.

व्हिसाचा मार्ग खरोखर आहे का?

पत्र कितीही हुबेहूब असले तरी एक कसोटी भामट्यांना सहसा पार करता येत नाही. ज्या व्हिसाचे नाव पत्रात आहे तो अस्तित्वात आहे काय आणि त्याच्या अटी पत्राशी जुळतात काय, हे पाहणे ही ती कसोटी.

ब्रिटनमध्ये ओ पेअरसाठी स्वतंत्र व्हिसा २००८ पासून नाही. घरकामगारांचा व्हिसा आहे, परंतु तो मिळण्यासाठी त्याच मालकाकडे परदेशात किमान एक वर्ष काम केलेले असावे लागते आणि त्याची मुदत फार तर सहा महिने असते. म्हणजे कधी न भेटलेल्या लंडनच्या कुटुंबाने पुण्यातील मुलीला या व्हिसावर बोलाविणे शक्यच नाही. २०२३ मध्ये भारतीय पदवीधरांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना सुरू झाली. १८ ते ३० वयोगटातील उमेदवारांची निवड त्यात सोडतीने होते, सोडतीत नाव नोंदविण्यास शुल्क नाही आणि नोकरीचे पत्रही लागत नाही. त्यामुळे ‘या योजनेत तुमचे नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागणाराही खोटाच.

अमेरिकेत ओ पेअर म्हणून १८ ते २६ वर्षे वयाच्या व्यक्तीला जाता येते; मात्र केवळ अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमार्फत. कुटुंबाने परस्पर नेमणूक करण्याची सोय त्यात नाही.

कॅनडाची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तेथे एकेकाळी असा मार्ग खरोखर होता. मालकाच्या घरी राहून काम करणाऱ्यांसाठी १९९२ मध्ये सुरू झालेली योजना २०१४ मध्ये नव्या उमेदवारांसाठी बंद झाली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक योजना जून २०२४ मध्ये संपल्या. ३१ मार्च २०२५ रोजी आलेल्या नव्या योजनेत मर्यादित जागा होत्या. जुन्या योजनेचे नाव मात्र पत्रांतून अद्याप फिरत असते. नॉर्वेनेही २०२४ मध्ये ओ पेअरचे नवे परवाने देणे थांबविले. बंद झालेल्या योजनेचे आमंत्रण हाती पडले, तर पुढील चौकशीची गरज उरत नाही.

हाँगकाँगमध्ये भारतीय घरकामगार स्त्रिया आजही कायदेशीररीत्या जातात. तेथे सरकारने ठरवून दिलेला प्रमाण करारनामाच वापरावा लागतो, किमान वेतन जाहीर केलेले असते आणि तेथील एजन्सीला कामगाराकडून पहिल्या महिन्याच्या वेतनाच्या दहा टक्क्यांहून अधिक दलाली घेता येत नाही.

आखाती देश : नोकरी खरी, अटी खोट्या

आखाती देशांच्या बाबतीत धोक्याचे स्वरूप निराळे आहे. तेथे घर खरे असते, मुलेही खरी असतात. खोटा असतो तो करार. मुलांना सांभाळण्याचे काम म्हणून नेलेल्या स्त्रीवर सगळ्या घराचे काम पडते, वेतन कमी मिळते आणि पारपत्र मालकाच्या कपाटात जाते. या अनर्थाची सुरुवात बहुधा एका वाक्याने होते : ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ.’

या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. अशा पारपत्रावर तसा उल्लेख असतो. घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीचे वय या मंजुरीसाठी किमान ३० वर्षे असावे लागते. २०१६ मध्ये सरकारने या वर्गातील स्त्रियांची भरती सरकारी भरतीसंस्थांमार्फतच व्हावी, असा निर्णय घेतला. मंजुरी मिळाल्यास करारनामा ‘ई-मायग्रेट’ या सरकारी यंत्रणेत नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाख रुपयांचे विमासंरक्षण मिळते. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता २७५ रुपये आहे. व्हिजिट व्हिसावर जाणारी स्त्री मात्र कागदोपत्री पर्यटक असते. तिचा करार कोठेही नोंदलेला नसतो, विमा नसतो आणि व्हिसाची मुदत संपताच ती बेकायदा ठरते. दलालाला हवे असते तेच.

मुख्य म्हणजे संबंधित देशांचे कायदेही आता तिच्या बाजूने काही बोलतात. कुवेतच्या २०१५ च्या आणि संयुक्त अरब अमिरातीच्या २०२२ च्या घरकामगारविषयक कायद्यांनुसार कामगाराचे पारपत्र मालकाने ठेवून घेणे गैर आहे. परंतु या कायद्यांचा आधार घेण्यासाठी कामगार म्हणून नोंद असावी लागते.

जाण्यापूर्वी काय तपासावे?

दलालाचे नाव ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत पाहावे आणि परवान्याची मुदत संपलेली नाही याची खात्री करावी. ‘मी अमुक कंपनीचा उपदलाल आहे,’ या म्हणण्याला कायद्यात स्थान नाही. नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. याहून अधिक मागणी झाल्यास ती बेकायदा होय.

कुटुंबाने पाठविलेले छायाचित्र आंतरजालावरील चित्रशोधात घालून पाहावे. तेच चित्र अनेकदा जाहिरातीत किंवा दुसऱ्याच कुणाच्या पानावर सापडते. पत्रातील एखादे विशिष्ट वाक्य शोधले, तरी तेच पत्र वेगवेगळ्या नावांनी फिरत असल्याचे उघड होते. व्हिसाची अट त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावी. पत्रात दिलेल्या दुव्यावरून तेथे जाऊ नये. करारनामा उमेदवाराला समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवावा आणि वेतन, सुट्टी, कामाचे तास, परतीचे तिकीट या चार गोष्टी त्यात आहेत का, हे पाहावे. शंका उरल्यास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे, तेथे विचारावे.

जाणाऱ्या स्त्रीने पारपत्र, व्हिसा व करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात, तसेच मालकाचा पूर्ण पत्ता व भारतीय दूतावासाचा क्रमांक लिहून जवळ बाळगावा. मोबाइल काढून घेतला जाऊ शकतो, म्हणून महत्त्वाचे क्रमांक पाठ असलेले बरे.

फसवणूक झालीच तर

पैसे पाठविले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. पत्रव्यवहार लाजेने पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. पारपत्राची प्रत गेली असेल तर तसा उल्लेख तक्रारीत करावा, म्हणजे पुढे त्या नावाने काही गैरप्रकार झाल्यास हाताशी नोंद राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि मानवी तस्करीसाठी कलम १४३ आहे.

कोणी परदेशात अडकले असेल, तर नातेवाइकांना ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ३०९० हा आहे. ‘पैसे परत मिळवून देतो’ असे सांगत नंतर येणाऱ्या अनोळखी वकिलापासून मात्र सावध राहावे. एकदा फसलेल्यांची नावे भामटे पुन्हा वापरतात.

परदेशी जाऊन मानाने काम करण्याची इच्छा चुकीची नाही आणि ती पूर्ण झालेल्या स्त्रियाही आपल्यात आहेत. म्हणूनच घरी काम करणाऱ्या बाईने असा कागद पुढे केला, तर ‘असल्या भानगडीत पडू नकोस’ म्हणून तो परत देऊ नये. तिच्यासाठी त्या कागदात अनेकदा सोन्याची मोडलेली बांगडी किंवा बचत गटाचे कर्ज गुंतणार असते. अर्धा तास तिच्याजवळ बसून व्हिसाचे नाव, पत्त्याचा शेवट आणि पैशाची मागणी या तीन गोष्टी तपासल्या, तर बहुतेक खोटी पत्रे तेथेच उघडी पडतात.