टेस्लाचा फोटो आणि आमची गच्चीवरची खोली

स्मरणिकेसाठी शाळेतल्या विज्ञानाविषयी लिहायचे ठरले, तेव्हा मला ग्रंथालयातल्या एका पुस्तकातला फोटो आठवला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत निकोला टेस्ला खुर्चीत शांतपणे वाचत बसला आहे आणि त्याच्या डोक्यावर विजेचे लोळ उसळत आहेत. त्या फोटोपायी आम्ही तिघांनी दहावीच्या सुट्टीत टेस्ला कॉइल करायला घेतली.

टेस्लाने ही रचना १८९१ मध्ये जगापुढे आणली. तिच्यात उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर धारित्र, म्हणजे कपॅसिटर, भारतो. भार पुरेसा झाला की फटीत ठिणगी पडते आणि तो भार मोजक्या वेढ्यांच्या प्राथमिक कुंडलातून मागेपुढे धावू लागतो. दुय्यम कुंडलाला शेकडो वेढे असतात. दोन्हींची नैसर्गिक वारंवारता जुळली की झोक्याला वेळेवर रेटा द्यावा तसा दाब वाढत जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

आमचा ट्रान्सफॉर्मर निऑनच्या पाटीचा, जुन्या बाजारातून आणलेला. तार मोटार वाइंडिंगवाल्याकडची, कुंडल पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेले आणि धारित्र म्हणजे मिठाचे पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्या. प्राथमिक कुंडलावरचा चिमटा एकेक वेढा सरकवत गेलो आणि एका संध्याकाळी टोकावर वीतभर जांभळी ठिणगी नाचली. शेजारी धरलेली ट्यूब तारेविना पेटली!

टेस्ला व्याख्यानांत उच्च वारंवारतेचा प्रवाह स्वतःच्या शरीरातून जाऊ देई, हे आम्ही वाचले होते. इतक्या वारंवारतेला मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत. पण हे टोकावरच्या प्रवाहापुरतेच खरे. ट्रान्सफॉर्मर आणि धारित्र जीव घेऊ शकतात. हा फरक आम्ही ध्यानात घेतला नाही. बटण बंद करून मित्राने बाटलीची तार धरली आणि तो भिंतीवर फेकला गेला. तळहात भाजला. तो उठेपर्यंतचा क्षण मी अजून विसरलेलो नाही.

सर ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बटण बंद होतं, मग वीज कुठे होती?" मग वहीत लिहून घेतले: आधी प्लग काढा, लांब कोरड्या काठीला बांधलेल्या तारेने धारित्राची दोन्ही टोके जोडा, मगच जवळ जा. आणि हा प्रयोग एकट्याने कधीच नाही.

टेस्लाच्या कोलोरॅडोच्या नोंदी १९७८ मध्ये छापल्या गेल्या. १८९९ च्या अखेरीस काढलेला तो फोटो कसा घेतला, हे त्याने स्वतःच त्यांत लिहून ठेवले आहे. एकाच काचेवर दोन वेगळी चित्रणे होती: ठिणग्या अंधारात टिपल्या आणि टेस्ला खुर्चीत बसला तो यंत्र बंद असताना. ते लोळ उसळत असताना त्या खुर्चीत कोणीच नव्हते.

मित्राच्या तळहातावरचा व्रण अजून आहे. यंदाच्या मेळाव्याला तो नातवाला घेऊन येतो आहे. नातवाला टेस्ला कॉइल करायची आहे. सरांचे ते पान मी शोधून ठेवले आहे.